तारोंवाली कोठी आणि गच्चीवरची वही

लखनौची संध्याकाळ साऱ्या देशात मशहूर. ‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध’ असं उत्तरेत म्हटलंच जातं. गोमतीच्या काठी दिवेलागण होते, हजरतगंजमध्ये हिंडाफिरायला निघालेली मंडळी दिसू लागतात, चौकातल्या तव्यांवर कबाब परतले जातात आणि महाराष्ट्रातून आलेला पाहुणा खूश होऊन जातो. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला तो मुक्कामी परततो, जाडजूड रजई ओढतो आणि ‘झालं लखनौ पाहून’ म्हणत झोपी जातो.

आकाशाचा नाद लागलेला लखनौकर मात्र वर्षातल्या एका रात्री नेमका याच वेळी जिना चढून गच्चीवर जातो. ती रात्र १३ आणि १४ डिसेंबरच्या मधली. बरोबर रजई, चटई, चहाचा थर्मास, एक घड्याळ, पेन्सिल आणि साधी शाळकरी वही. दुर्बीण नाही, कॅमेराही नाही. त्याला मोजायच्या असतात मिथुन राशीतून उडणाऱ्या उल्का, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत ‘तुटणारे तारे’. आणि त्याला घाई असते, कारण मध्यरात्र उलटली की गोमतीच्या बाजूने धुकं येणार हे त्याला ठाऊक असतं.

लखनौत तारे मोजण्याचा हा उद्योग काही आजचा नाही. या शहरात एके काळी शाही वेधशाळा होती. तिची हकीकत ऐकली, की गच्चीवरच्या त्या साध्या वहीची किंमत कळते.

बादशहाची हौस

अवधच्या नवाबांनी १८१९ मध्ये ‘बादशाह’ ही पदवी घेतली. त्यानंतरचा दुसरा बादशाह नासिरुद्दीन हैदर. त्यानं १८२७ ते १८३७ अशी दहा वर्षं राज्य केलं. विलायती चालीरीतींची आवड असलेल्या या बादशहाच्या मनात आलं, की आपल्या राजधानीत इंग्लंडातल्या ग्रिनिचच्या तोडीची वेधशाळा असावी. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला काम सुरू झालं. त्यासाठी कॅप्टन जेम्स हर्बर्ट या अधिकाऱ्याला नेमलं. हिमालयात भूगर्भाची पाहणी केलेला आणि कलकत्त्यात विज्ञानाचं नियतकालिक चालवलेला हा जाणता माणूस. पण इमारत पुरी होण्याआधीच, १८३३ मध्ये, तो वारला.

१८३५ मध्ये त्याच्या जागी रिचर्ड विलकॉक्स आला. हा मूळचा सर्वेक्षक. ब्रह्मपुत्रेचा उगम शोधण्यासाठी आसामच्या पलीकडे रानावनांतून तो हिंडला होता. त्याच्या हाताखाली वेधशाळा उभी राहिली. लंडनच्या ट्रॉटन अँड सिम्स या नामांकित कारखान्यातून यंत्रं आली. भिंतीला जडवलेलं सहा फुटी वर्तुळ, आठ फुटी याम्योत्तर दुर्बीण आणि ताऱ्याच्या मागोमाग फिरवता येणारी आणखी एक दुर्बीण. देशी सहायकांना हाताशी घेऊन विलकॉक्सनं ग्रह-ताऱ्यांचे वेध घ्यायला सुरुवात केली. लखनौकरांनी या इमारतीला नाव दिलं, ‘तारोंवाली कोठी’.

हे काम वर्षानुवर्षं चाललं. १८४८ मध्ये विलकॉक्सही गेला. तोवर गादीवर वाजिद अली शाह आला होता. ठुमरी, कथ्थक आणि काव्य यांत रमणारा हा राजा. त्यानं १८४९ मध्ये वेधशाळा बंद करून टाकली. १८५६ मध्ये इंग्रजांनी त्याचंही राज्य खालसा केलं. पुढच्याच वर्षी उठाव झाला. फैजाबादचे मौलवी अहमदुल्ला शाह यांनी याच कोठीत आपला तळ ठोकला होता. त्या धामधुमीत लंडनहून आणलेली सारी यंत्रं नाहीशी झाली.

यंत्रं गेली याचं एक वेळ वाईट वाटून घेऊ नये. पितळ आणि काच पुन्हा विकत मिळते. खरी हानी वेगळीच झाली. विलकॉक्स आणि त्याच्या सहायकांनी इतक्या रात्री जागून जे वेध घेतले, ते पुस्तकरूपानं कधी छापलेच गेले नाहीत. लखनौच्या आकाशानं त्या रात्री काय काय दाखवलं, ते जगाच्या उपयोगी पडलं नाही. कोठी मात्र उभी राहिली. पुढे तिथे बँक आली आणि लोक तिला स्टेट बँकेची इमारत म्हणून ओळखू लागले.

मराठी माणसाला ही हकीकत चटका लावते, त्याला आणखी एक कारण आहे. याच कैसरबागेच्या परिसरात पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज ही संगीतशाळा सुरू केली. पुढे ती वाजिद अली शाहच्या परीखान्यात स्थिरावली आणि भातखंड्यांच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. भातखंड्यांनी आयुष्यभर काय केलं? गावोगाव फिरून उस्तादांच्या तोंडच्या बंदिशी ऐकल्या, स्वरलिपीत लिहून काढल्या आणि छापल्या. म्हणून त्या टिकल्या. एकाच परिसरातल्या या दोन इमारती. एकीतलं गाणं कागदावर उतरून छापलं गेलं, दुसरीतलं आकाश छापखान्यापर्यंत पोचलंच नाही.

तारा तुटतो म्हणजे काय?

तारा कधी तुटत नाही. सूर्याभोवती फिरताना धूमकेतू आपल्या वाटेवर धूळ आणि खडे सांडत जातो. बैलगाडीतून कडबा सांडावा तसं. पृथ्वी दर वर्षी ठरलेल्या दिवशी ती वाट ओलांडते. मग वाळूच्या कणाएवढे, फार तर वाटाण्याएवढे खडे प्रचंड वेगानं हवेत घुसतात आणि जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातात. ती जळती रेघ म्हणजे उल्का. हे कण समांतर येत असले, तरी आपल्याला ते आकाशातल्या एकाच बिंदूतून फुटल्यासारखे दिसतात. चारबाग स्टेशनाच्या फलाटाच्या टोकाला उभं राहिलं, की रूळ दूरवर एका ठिकाणी मिळाल्यासारखे वाटतात, तसंच हे. तो बिंदू ज्या राशीत असेल, तिचं नाव त्या वर्षावाला मिळतं.

आपल्या पूर्वजांनीही उल्का पाहिल्या होत्या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त त्यांच्यासाठी स्वतंत्र अध्याय दिला आणि धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले. मात्र त्याचं लक्ष शुभाशुभ फळांकडे जास्त होतं.

उल्कावर्षावाचं शास्त्र सुरू झालं ते १८३३ मध्ये, म्हणजे कॅप्टन हर्बर्ट ज्या वर्षी वारला त्याच वर्षी. १३ नोव्हेंबरच्या पहाटे अमेरिकेत सिंह राशीतून हजारो उल्का बरसू लागल्या. लोक बिछान्यातून उठून रस्त्यावर आले, जगबुडी आली म्हणून प्रार्थना करू लागले. डेनिसन ऑल्मस्टेड या प्राध्यापकानं मात्र ठिकठिकाणच्या लोकांनी काय पाहिलं ते गोळा केलं आणि साऱ्या उल्का एकाच बिंदूतून येत होत्या हे दाखवून दिलं. त्याच्या हाती होती ती सामान्य माणसांनी आपापल्या दारातून पाहिलेली, सांगितलेली माहिती. पुढे १८६६ मध्ये इटलीच्या स्कियापारेल्लीनं ऑगस्टातल्या ययाती राशीच्या उल्कांचं नातं स्विफ्ट-टटल या धूमकेतूशी जोडलं आणि कोडं सुटलं.

डिसेंबरातल्या मिथुन उल्कांचा जनक मात्र बरीच वर्षं सापडत नव्हता. १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाच्या छायाचित्रांत फेथॉन नावाचा सुमारे पाच किलोमीटरचा एक दगड मिळाला आणि त्याची वाट या उल्कांच्या वाटेशी तंतोतंत जुळली. तो धूमकेतूसारखा शेपूट मिरवत नाही, लघुग्रहासारखा दिसतो. सुमारे दीड वर्षात सूर्याला एक प्रदक्षिणा घालतो आणि बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जाऊन भाजून निघतो.

लखनौला डिसेंबरच का?

वर्षभरात नावाजलेले उल्कावर्षाव सात-आठ. मग लखनौच्या गच्चीवर थंडीतली ही एकच रात्र का गाठायची?

ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययातीचा वर्षाव जगभर गाजतो. पण त्या दिवसांत लखनौवर पावसाळी ढग असतात, मुंबई-पुण्यावर असतात तसेच. ऑक्टोबरच्या २१ तारखेच्या सुमाराला मृग नक्षत्रातून हॅलेच्या धूमकेतूची धूळ उडते, पण मृगाच्या उल्कांसाठी पहाटेपर्यंत जागावं लागतं. नोव्हेंबरच्या १७ तारखेला सिंह राशीच्या उल्का येतात. सिंह लखनौत उगवतो मध्यरात्रीच्या आसपास, आणि त्या दिवसांत हवेत धूर आणि धुरकं दाटलेलं असतं. जानेवारीच्या ३-४ तारखेचा वर्षाव जोरदार असतो, पण तेव्हा धुक्यात समोरचा विजेचा खांबही दिसत नाही. एप्रिलच्या २२ तारखेला गच्चीवर खाट टाकून झोपायचे दिवस असतात, पण अभिजित ताऱ्याजवळून येणाऱ्या त्या उल्का मोजक्याच.

राहिला डिसेंबर. मिथुन राशीचा वर्षाव सगळ्यांत भरघोस. अगदी काळ्याभोर आकाशात, उगमबिंदू डोक्यावर असताना, तासाला शंभर-सव्वाशेचा हिशेब मांडला जातो. दुसरी सोय अशी, की सिंहासारखी त्याची मध्यरात्रीपर्यंत वाट पाहावी लागत नाही. लखनौत मिथुनेचा तो भाग संध्याकाळी सातच्या आतच उगवतो. रात्री नऊला तो पूर्वेकडे एक वीतभर वर येतो आणि दोनच्या सुमाराला जवळजवळ माथ्यावर. मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा असली, तरी नऊ ते साडेदहा त्यांना गच्चीवर बसवता येतं.

आणि तिसरी गोष्ट धुक्याची. दाट धुक्याचा खरा हंगाम डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत. १३-१४ तारखेला तो नुकता उंबरठ्यावर आलेला असतो. गंमत अशी, की आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब भराभर वर निघून जाते, जमिनीलगतची ओलसर हवा गार होते आणि धुकं धरतं. म्हणजे तारे पाहायला जी रात्र उत्तम, तीच धुक्याला पोषक! त्यामुळे लखनौच्या निरीक्षकाला तास वाटून मिळालेले असतात. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बहुधा त्याचे, पुढचे धुक्याचे.

पंचांग पाहायला मात्र विसरू नये. हा वर्षाव मकरसंक्रांतीसारखा सूर्याच्या हिशेबानं येतो, त्यामुळे इंग्रजी तारीख ठरलेली, तिथी दर वर्षी वेगळी. पौर्णिमेच्या आसपासची तिथी आली तर चांदणं अर्ध्याअधिक उल्का गिळून टाकतं. वद्य अष्टमी-नवमीपुढची तिथी असेल, तर चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि संध्याकाळ पूर्ण काळोखी मिळते. शुद्ध पक्षातल्या पहिल्या पाच-सहा तिथींनाही चंद्र लवकर मावळतो.

गच्चीवरची रात्र

लखनौच्या गच्च्या हा एक स्वतंत्र मुलूख आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘जमघट’ असतो. तेव्हा लहानथोर सारे गच्च्यांवर चढून पतंग लढवतात. जुन्या मोहल्ल्यांत कबुतरं पाळणाऱ्यांचे आवाज गच्च्यांवरूनच घुमतात. डिसेंबरच्या रात्री या गच्च्या सुन्या असतात. पारा आठ-दहा अंशांवर उतरलेला असतो. खाली गल्लीत कुणी अलाव पेटवून हात शेकत बसलेलं असतं.

निरीक्षकाला अलावाची ऊब घेता येत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका ज्वाळेकडे पाहिलं की ती सारी कमाई वाया जाते. त्यासाठी तो कठड्याच्या आडोशाला, रस्त्याचा दिवा थेट डोळ्यांत येणार नाही अशी जागा शोधतो. पिवळे दिवे जाऊन रस्त्यांवर पांढरेफटक एलईडी दिवे आल्यापासून ही जागा शोधणं अवघड झालं आहे. वहीत लिहिण्यापुरता उजेड हवा, म्हणून विजेरीच्या तोंडाला लाल कागद गुंडाळायचा. लखनौत तो शोधायला लांब जावं लागत नाही. जमघटातून उरलेला लाल पतंग कामी येतो.

मग चटईवर आडवं व्हायचं. पाय पूर्वेकडे, नजर आकाशाच्या मध्यावर. दक्षिण-पूर्वेला मृग, त्याखाली नुकता वर आलेला व्याध, वर लालसर रोहिणी, उत्तरेच्या अंगाला ब्रह्महृदय. पूर्वेला खाली दोन सारख्या दिसणाऱ्या चांदण्या. तेच आपलं पुनर्वसू, मिथुनेतले जुळे भाऊ. उल्का त्यांच्याजवळून निघतात, पण टक लावून तिकडेच पाहायचं नसतं. उगमाजवळच्या उल्का आखूड दिसतात, लांब रेघा दुसरीकडेच उमटतात.

पहिली पाच-दहा मिनिटं काहीच होत नाही. मुलं कंटाळतात, विमानाच्या दिव्याला उल्का म्हणतात. लखनौच्या आकाशातले तारेसुद्धा ‘पहले आप, पहले आप’ करत बसलेत की काय, असं वाटू लागतं. आणि मग एकदम एक सोनेरी रेघ मृगाच्या खांद्यावरून सरकत जाते. मिथुन उल्का तशा संथ. सेकंदाला पस्तीस किलोमीटर. सिंहाच्या उल्कांचा वेग याच्या दुप्पट. तरीही या ‘संथ’ वेगानं निघालेला खडा लखनौहून मुंबईला अर्ध्या मिनिटाच्या आसपास पोचेल. पुष्पक एक्स्प्रेसला त्याच प्रवासाला जवळपास एक दिवस लागतो!

आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली, की ती पुन्हा उठून बसतात. ती उल्का आपल्या घरावर नसतेच. शंभर किलोमीटर उंचावर, आकाशाच्या मध्याकडे निम्म्या वाटेवर दिसलेली उल्का जमिनीवर मोजलं तर आपल्यापासून शंभरेक किलोमीटर दूर असते. नैऋत्येला दिसली तर ती कानपूरच्याही थोडी पलीकडे, पूर्वेला थोडी खाली दिसली तर अयोध्येच्या आसपास. लखनौच्या एका गच्चीवरून अर्ध्या अवधवर पहारा ठेवता येतो.

वहीत काय लिहायचं?

इथून पुढे पाहणारा आणि निरीक्षण करणारा यांच्या वाटा वेगळ्या होतात. पाहणारा ‘अहाहा’ म्हणतो आणि मनात एखादी इच्छा धरतो. निरीक्षण करणारा वेळ लिहितो.

वही मांडायची पद्धत सोपी आहे. वर तारीख, ठिकाण, सुरुवातीची वेळ. दर पंधरा मिनिटांचा एक रकाना. उल्का दिसली की एक उभी रेघ. तिचा माग मागे नेला आणि तो पुनर्वसूच्या जवळ पोचला तर ‘मि’, नाही तर ‘इतर’, कारण कोणत्याही रात्री काही भटक्या उल्का असतातच. आकाशाचा किती भाग ढगांनी किंवा कठड्यानं झाकला होता ते लिहायचं. चहा प्यायला खाली गेलो तर तो वेळही वजा करायचा.

सगळ्यांत महत्त्वाची नोंद आकाशाच्या काळोखाची. त्यासाठी कृत्तिकांचा पुंजका कामाला येतो. रात्री साडेदहाच्या सुमाराला तो लखनौत जवळजवळ डोक्यावर असतो. त्यातल्या सहा चांदण्या सुट्या मोजता आल्या, तर चौथ्या प्रतीच्या आसपासचे तारे दिसत आहेत असं समजायला हरकत नाही. नुसता पांढुरका डाग दिसला, तर आकाश त्याहून खराब. ढोबळ हिशेब केला तर, जिथे काळ्याभोर रानात सव्वाशे उल्का दिसाव्यात, तिथे अशा शहरी आकाशात तासाला दहा-बाराच हाती लागतात.

दहा-बारा ऐकून नवखा माणूस हिरमुसतो. वर्तमानपत्रात ‘शंभराहून अधिक उल्का दिसणार’ असं वाचून तो गच्चीवर आलेला असतो. पण खरी अडचण उल्का कमी दिसण्यात नसते. पुढच्या वर्षी वही भरताना हात सैल पडतो, तिथे असते. डोळ्याच्या कोपऱ्यात काही चमकल्यासारखं वाटलं, लिहून टाकू का? शेजारच्यानं पाहिलेली आपल्या रकान्यात धरू का? इथे मोह आवरावा लागतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. शून्य असेल तर शून्य लिहायचं. धुक्यामुळे साडेअकराला थांबावं लागलं तर तसं लिहायचं.

अशा प्रामाणिक दहा-बारांना जगात मोल आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन ही संस्था जगभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते. वेळ, काळोख आणि ढग यांची नोंद असली, की शहरातली दहाची संख्याही हिशेबानं काळ्या आकाशातल्या संख्येशी जोडता येते. पृथ्वी गोल फिरते. अमेरिकेत दुपार असते तेव्हा तिथे कुणी उल्का मोजू शकत नाही. ते तास भारतातल्या गच्च्यांनीच भरून काढायचे असतात. वर्षानुवर्षांच्या अशा आकड्यांवरून धुळीचा पट्टा कुठे दाट, कुठे विरळ, हे कळत जातं.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवत आली आहे. लखनौतही सूरजकुंडाजवळ शनीसारखं कडं मिरवणारी इंदिरा गांधी नक्षत्रशाला आहे. पाहुण्यानं इमामबाड्याबरोबर तीही पाहावी. पण नक्षत्रशाळेच्या घुमटातलं आकाश आधीच मोजलेलं असतं. गच्चीवरचं प्रत्येक वर्षी नव्यानं मोजावं लागतं.

आकाशातून आलेला दगड

‘एखादी उल्का आपल्या गच्चीवर पडली तर?’ हा प्रश्न घरातल्या कुणाच्या तरी तोंडून येतोच. मिथुन उल्कांचे बारीक खडे वरच राख होतात, त्यांची भीती नाही. मोठा दगड क्वचित येतो, आणि त्याचा वर्षावाशी संबंध नसतो. अवधच्या शेजारपाजारनं असे पाहुणे पाहिले आहेत.

डिसेंबर १७९८ मध्ये एका संध्याकाळी बनारसजवळच्या क्राखुट गावावर मोठा प्रकाशगोल आला आणि दगड कोसळले. तोवर युरोपातले बरेच विद्वान ‘आकाशातून दगड पडतात’ या गोष्टीची थट्टा करत. बनारसमध्ये असलेल्या एका इंग्रजानं गावकऱ्यांनी काय पाहिलं ते नीट लिहून घेतलं आणि दगडांचे तुकडे इंग्लंडला पोचले. १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञानं ते दुसऱ्या देशांतल्या दगडांशी ताडून पाहिले आणि थट्टा बंद पडू लागली. १८५२ च्या २ डिसेंबरला बस्तीजवळ आणखी एक दगड पडला. त्यात एक नवं खनिज सापडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून त्याला ‘ओल्डहॅमाइट’ म्हणतात.

क्राखुटच्या गावकऱ्यांपैकी एकानंही वेधशाळा पाहिली नसेल. पण त्यांनी पाहिलं ते कुणीतरी लिहून घेतलं, म्हणून त्यांचा शब्द लंडनपर्यंत पोचला.

मध्यरात्रीनंतर

साडेबारा-एकच्या सुमाराला गल्लीतल्या दिव्यांभोवती पांढरी वलयं धरू लागतात. समोरच्या इमारतीच्या खिडक्या पुसट होतात. रजईवर दव उतरतं, वहीचं पान ओलसर लागतं. धुक्याचा थर अजून पातळ असेल, तर एक गंमत दिसते. शेजारचं घर दिसत नाही, पण थेट डोक्यावर तारे टिकून असतात. आणि पुनर्वसूही आता डोक्यावरच आलेलं असतं. जिद्दीचा निरीक्षक आणखी अर्धा तास काढतो, कृत्तिकांच्या जागी आता पुनर्वसूच्या आसपासचे तारे मोजतो, काळोखाचा आकडा खाली आणतो आणि मोजत राहतो. मग तेही विझतात. तो वेळ लिहितो, बेरीज मांडतो, वही स्वेटरच्या आत घालतो आणि जिना उतरतो.

शहरात आणखी एक मंडळ दवाच्या भरवशावर रात्र काढत असतं. जुन्या चौकात थंडीच्या दिवसांत ‘मक्खन मलाई’ मिळते. दूध रात्रभर उघड्या आकाशाखाली ठेवतात आणि दवानंच तो फेस हलका होतो, असं लखनौकर अभिमानानं सांगतात. पहाटे ते दूध घुसळून केशरी रंगाचा फेस काढतात. जिभेवर ठेवला की विरतो, चावायला काही उरतच नाही. ऊन चढलं की खलास. ज्या दवानं निरीक्षकाची रजई भिजवली, त्याच दवानं हा फेस पिकवलेला. रात्र जागलेल्या माणसानं सकाळी गोल दरवाजापाशी जाऊन एक दोना घ्यावा, त्याचा शीण उतरतो.

परतताना पाहुण्यानं हजरतगंज-कैसरबागेच्या बाजूनं यावं. धुक्यातून हळूहळू मोकळी होत जाणारी तारोंवाली कोठी पाहावी. ग्रिनिचच्या तोडीची यंत्रं इथे होती, बादशहाचा खजिना पाठीशी होता, ब्रह्मपुत्रेच्या रानात तावून निघालेला निरीक्षक होता. गच्चीवरच्या वहीपाशी यांतलं काहीच नाही. तिच्यात पुनर्वसूच्या अकरा उल्का आहेत, इतर तीन, आणि खाली एक ओळ : ‘१२.५० ला धुक्यामुळे थांबलो.’

ती वही घरी गेल्यावर कपाटात टाकायची नाही. आकडे त्याच दिवशी स्वच्छ उतरून पाठवायचे असतात.